वसतिगृहाची चूल

कोल्हापुरास नव्याने आलेला मनुष्य दसरा चौकात उभा राहिला, म्हणजे त्याच्या दृष्टीस प्रथम पडतो तो शाहू छत्रपतींचा पुतळा, आणि त्यानंतर, जरा आजूबाजूस पाहिले की, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ अशा जुन्या इमारतींच्या पाट्या. पुढे शहरात हिंडू लागल्यावर मराठा बोर्डिंग, दैवज्ञ बोर्डिंग, शिंप्यांचे नामदेव बोर्डिंग, सारस्वत बोर्डिंग अशी आणखी कितीतरी नावे त्याच्या कानांवर पडतात; आणि तो विचारी असेल तर त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही, की ज्या राजाने जातिभेदाशी उभा दावा मांडला म्हणून आपण त्याचे पुतळे उभारतो, त्याच राजाने आपल्या राजधानीत जातीजातींच्या नावांची ही घरे का बांधू द्यावीत, किंबहुना स्वतः जागा आणि द्रव्य देऊन का बांधवावीत? या प्रश्नाचे उत्तर समाजशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्यापूर्वी ते स्वयंपाकघरात शोधावे, असे मला वाटते. कारण शाळा ही अक्षरांची जागा असली, तरी वसतिगृह ही प्रथमतः अन्नाची जागा आहे, आणि आपल्या समाजात अक्षरापेक्षा अन्नाचे निर्बंध नेहमीच अधिक कडक होते.

गेल्याच्या गेल्या शतकात ज्यांनी दारिद्र्यात राहून विद्या संपादन केली, अशा पुष्कळ महाराष्ट्रीय विद्वानांची चरित्रे आपण वाचतो, त्यांत वार लावून जेवल्याची आणि माधुकरी मागितल्याची हकीकत बहुधा असतेच. सात वारांची सात घरे ठरलेली, सोमवारी एका वकिलाकडे, मंगळवारी एखाद्या दूरच्या मावशीकडे, एखादा वार कोरा राहिला तर त्या दिवशी उपास. हे सारे कष्टाचे होते यात शंका नाही, आणि त्या मुलांच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु या प्रथेकडे आपण सहसा ज्या बाजूने पाहत नाही, ती बाजू अशी की, शहरात कोणीही ओळखीचे नसताना केवळ अमुक जातीत जन्मलो एवढ्या दाखल्यावर परक्याच्या पंगतीस पान मिळण्याची ही एक न लिहिलेली सनद होती, आणि ती एकाच वर्णाच्या मुलांच्या हाती होती. शिरोळ किंवा भुदरगड पेठ्यातील एखाद्या कुणब्याचा, जैन शेतकऱ्याचा वा कोष्ट्याचा मुलगा मराठी सहावी होऊन इंग्रजी शिकण्याच्या उमेदीने शहरात आला, तर त्याला वार कोणी द्यावा? त्याच्या जातीची शहरात घरे असलीच तर ती तालमीजवळच्या गल्लीतील मोलकऱ्यांची. त्यांच्यापाशी दुसऱ्याच्या पोरास रोज घालण्याइतके धान्य नसे, आणि विद्यार्थ्याला जेवू घालणे हे पुण्यकृत्य आहे अशी समजूतही त्यांच्यात रुजलेली नसे. बिऱ्हाड भाड्याने मिळावे तर वाड्याचा मालक पहिल्याने जात विचारी, दुसऱ्याने भाडे सांगे. अस्पृश्य मुलाची गोष्ट तर याहूनही निराळी. त्याला वाड्याच्या दिंडी दरवाजाच्या आतच पाऊल टाकता येत नव्हते, मग पुढचे प्रश्न उद्भवणार कोठून?

शाहू महाराज १८९४ च्या एप्रिलमध्ये गादीवर आले, त्या वेळी करवीर दरबारचे दप्तर ज्यांच्या हाती होते, त्यांची मोजदाद पुढे अनेकांनी उद्धृत केली आहे. सामान्य प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, आणि सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे १० होते. हा कोणी रचलेला कट होता असे मानण्याचे कारण नाही. लेखणी ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांना इंग्रजी अमदानीत मॅट्रिकची परीक्षा सुलभ गेली, मॅट्रिक झालेल्यास कारकुनी मिळाली, आणि एकदा कारकुनीत शिरलेल्या मनुष्याने आपल्या भाच्याला उमेदवार म्हणून कचेरीत बसविले. असे हे चक्र आपल्याच गतीने फिरत राहिले. वीस वर्षांच्या तरुण राजाने ते उलट फिरवू म्हटले, तर पहिली अडचण अशी की बदलून नेमायला माणसेच नव्हती. भास्करराव जाधवांसारखा एखादा पदवीधर मुंबईकडून आणून १८९५ साली त्याला दरबारच्या नोकरीत घेता आला. पण एकदोन भास्कररावांनी कचेरीचा रंग पालटत नाही.

म्हणून महाराजांनी प्रथम केले ते अगदी स्वाभाविक असे काम होते. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी एक वसतिगृह काढविले, आणि ते सर्व जातींच्या मुलांना खुले ठेवले. त्यात कोणास मज्जाव नव्हता, कोणाच्या नावाची पाटी नव्हती. तरीही थोड्याच वर्षांत असे आढळून आले की, ज्यांच्या हाती व्यवस्था होती तेही ब्राह्मण आणि जे राहत होते तेही ब्राह्मणच. इतर मुले एक तर आलीच नाहीत, किंवा आली ती टिकली नाहीत. एका पंगतीचा प्रश्न निघाला की ज्याचे सोवळे सर्वांत कडक त्याच्या सोयीने स्वयंपाकघर चालते, आणि बाकीच्यांस आपण येथे उपरे आहोत याची जाणीव दिवसातून दोन वेळा, ताटावर बसताना, होत राहते. तिला नियमाच्या पुस्तकात कलम लागत नाही. शाहू महाराजांनी एका वकिलास आपल्या पागेत नेऊन सर्व घोड्यांसाठी हरभरा एकाच जागी ओतविला, आणि धट्टेकट्टे घोडे दुबळ्यांना लाथा झाडून तो फस्त करीत असलेले दाखविले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे आणि व्याख्यानांतून ती इतकी झिजली आहे की तिच्यावरील मुद्रा आता नीट वाचता येत नाही. मला तिच्यापेक्षा या राजाराम वसतिगृहाची साधी हकीकत अधिक बोधक वाटते; कारण पागेत निदान लाथा झाडाव्या लागल्या, येथे तेवढेही कोणास करावे लागले नाही.

याच सुमारास पांडुरंग चिमाजी पाटील नावाचा एक हुशार मराठा विद्यार्थी मॅट्रिक होऊन राजाराम कॉलेजात शिकण्यासाठी आला, आणि त्याला शहरात राहण्याची सोय कोठेच मिळेना, ही गोष्ट महाराजांच्या कानांवर गेली. हे पाटील पुढे शेतकी खात्यात मोठ्या हुद्द्यावर चढले. त्या एका मुलाच्या बिऱ्हाडाच्या प्रश्नातून १९०१ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी संस्था झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी पत्करले. त्यामागून लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशी एकेक छात्रालये निघत गेली आणि महाराजांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्यांची संख्या डझनाच्या बरीच पुढे गेली. यांत सारस्वत होते, प्रभू होते, म्हणजे विद्येत मागे नसलेल्या जातीही होत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे. केवळ एका जातीविरुद्ध केलेला हा व्यूह होता, असे म्हणणाऱ्यांच्या ते सहसा ध्यानात येत नाही. दरबारचा रिवाज साधारण असा, की त्या त्या जातीच्या पुढाऱ्यांनी एकत्र येऊन संस्था स्थापावी, आपसांत वर्गणी करावी, व्यवस्था आपली आपण पाहावी, आणि दरबारने जागा, इमारत वा सालीना नेमणूक देऊन पाठ राखावी. या पद्धतीत राजकारणाची एक चतुराई होती. नुसते दान दिले असते तर घेणारा मिंधा झाला असता. येथे जातीला आपल्या मुलांच्या शिक्षणाचा हिशेब ठेवावयास लावले गेले, आणि ज्या पाटलांनी व व्यापाऱ्यांनी आजवर लग्नकार्याखेरीज कोठे पैसा खर्चिला नव्हता, त्यांच्या रोजकीर्दीत प्रथमच ‘विद्यार्थी’ या सदराखाली रकमा पडू लागल्या.

मधल्या काळात वेदोक्ताचे प्रकरण पेटले होते. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर, छत्रपतींच्या स्नानाच्या वेळी, भटजी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे, मंत्र म्हणत आहे हे उघडकीस आले, आणि तेथून राजोपाध्यांच्या वतनाच्या जप्तीपर्यंत जो संग्राम झाला, तो इतक्या जणांनी इतक्या वेळा लिहिला आहे की त्याची पुनरुक्ती येथे नको. एवढेच नमूद करतो की, बोर्डिंगांची कल्पना या अपमानातून जन्मली असे जे सांगतात, त्यांनी १८९६ च्या वसतिगृहाकडे पाहावे. चूल आधी आली, मंत्र मागाहून.

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात जो हुकूम प्रसिद्ध झाला, त्या वेळी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेस गेलेले होते. त्या हुकुमाचे तात्पर्य असे, की या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील शिकलेल्या लोकांनी भराव्या. ज्या कचेरीत हे प्रमाण आज पन्नासाहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक या वर्गांतून व्हावी. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक हुजुरास सादर करावे. मागासलेले कोण, याची व्याख्या मात्र मोठ्या खुबीने वजाबाकीची केली होती: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अशाच इतर पुढारलेल्या जाती वगळून बाकी सारे. नावे वगळावयाची ती लिहिली, घ्यावयाची ती लिहिली नाहीत. त्यामुळे जातींची लांबलचक यादी करून तिच्यात आपले नाव घालण्यासाठी खटपट करण्याचा प्रसंग त्या काळच्या लोकांवर आला नाही. पुढल्या काळात तो कसकसा येत गेला, हे वाचकांस सांगावयास नको. पण या वजाबाकीत एक गाळही राहिला. ‘बाकी सारे’ या दोन शब्दांच्या पोटात कागलचा इनामदार मराठाही होता आणि वेशीबाहेरचा मांगही होता. आणि पन्नासांतील जागा प्रथम कोणाच्या हाती जातील, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हुकूम आणि वसतिगृह ही एकाच गाडीची दोन चाके होत, हे ज्यांस उमगले नाही त्यांनी त्या वेळी हुकुमावर फार टीका केली. पुण्याच्या पत्रांनी ‘लायकी’ हा शब्द पुष्कळ वापरला. लायकीचा प्रश्न खोटा नव्हता, पण तो ज्या ठिकाणी विचारला जात होता ते ठिकाण चुकले होते. कारण लायकी म्हणजे मॅट्रिकची परीक्षा धरली, तर ती परीक्षा देण्यासाठी पाच-सात वर्षे शहरात कोणाच्या चुलीवर जेवायचे, हा तिच्याआधीचा पेपर होता, आणि तो ज्यांना जन्मतःच सोडविलेला मिळाला होता त्यांस तो पेपर आहे हेच ठाऊक नव्हते. १९१२ पर्यंत करवीर दरबारच्या ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ उरले. आकडा बोलका आहे. मात्र तो पुरते बोलतो असे नाही, कारण उरलेल्या ६० मध्ये अस्पृश्य किती, हे विचारले की तो गप्प बसतो.

अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह निघाले ते १९०८ साली, म्हणजे मराठा आणि जैन बोर्डिंगांहून सात वर्षे उशिरा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचे नाव त्यास देण्यात आले आणि ते मिस क्लार्क बोर्डिंग म्हणून प्रसिद्धीस आले. याच संस्थेत ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप शिकले, ज्यांनी पुढे डॉ. आंबेडकर विलायतेस गेल्यावर ‘मूकनायका’चे संपादन सांभाळले आणि जे मुंबईच्या कायदेकौन्सिलातही बसले. वेगळ्या घराचे हे फळ नाकारता येत नाही. परंतु महाराजांच्या कारभारातील एक विसंगती येथे दिसते, आणि ती मला त्यांच्या विचाराची सर्वांत जिवंत खूण वाटते. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करण्याचा आणि त्या मुलांस सरसकट इतर मुलांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. वसतिगृहे मात्र निराळीच राहू दिली. बाकावर शेजारी बसविण्यास हुकूम पुरतो, ताटाशेजारी बसविण्यास पुरत नाही, असे त्यांनी ताडले असावे. की ताटाला हात घालण्याची त्यांचीही छाती झाली नाही? गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात गाडी थांबवून जो राजा चहा पीत असे, त्याच्याविषयी असे म्हणवत नाही. पण राजाला स्वतःचा चहा पिता येतो, प्रजेला पाजता येत नाही, हेही खरेच.

तोपर्यंत जात ही गोष्ट वसतिगृहाच्या पाटीवरून मतपत्रिकेवर येऊ लागली होती. १९१७ मध्ये माँटेग्यूसाहेबांची राजकीय सुधारणांची घोषणा झाली आणि कौन्सिलांत कोणी बसावे याचा वाद सुरू झाला. त्याच साली अथणीच्या सभेत टिळकांनी तेली, तांबोळी, कुणबी कौन्सिलात जाऊन काय करणार अशा अर्थाचे उद्गार काढले, आणि त्या उद्गारांनी ब्राह्मणेतर पक्षास जेवढे अनुयायी मिळवून दिले तेवढे त्याच्या स्वतःच्या प्रचारकांनी मिळविले नसतील. मताधिकार ठरविण्यासाठी नेमलेल्या साउथबरो कमिटीपुढे साक्षी झाल्या, आणि नव्या कायद्यान्वये मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. या वेळी विठ्ठल रामजी शिंदे यांनी जे केले त्याचे स्मरण फारसे केले जात नाही. ते जातीने मराठे, अस्पृश्योद्धाराच्या कार्यात आयुष्य वेचलेले. राखीव जागा त्यांच्यापुढे होती. त्यांनी ती नाकारली, १९२० च्या निवडणुकीत पुण्यातून बहुजन पक्षातर्फे सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले, आणि पडले. महाराजांशी त्यांचा यावरून मतभेद झाला. दोघांपैकी चुकले कोण, याचा निवाडा मला करता येत नाही. शिंदे पडले ही गोष्ट महाराजांच्या बाजूची साक्ष म्हणून मांडता येईल, आणि राखीव जागांवरून निवडून आलेले लोक पुढे बहुधा आपल्याच जातीपुरते बोलू लागले ही शिंद्यांच्या बाजूची.

जातवार वसतिगृहाची खरी कसोटी मात्र कौन्सिलात लागली नाही, ती जैन बोर्डिंगाच्या भोजनगृहाच्या दारात लागली. कुंभोजचा भाऊराव पाटील हा दांडगट पण दिलदार मुलगा तेथे राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभास तो गेला. परत आल्यावर, अस्पृश्यांत मिसळून आलास तर अंघोळ करून मग जेवावयास बस, असे त्याला सांगण्यात आले. त्याने साफ नाकारले, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. येथवरची गोष्ट कोणत्याही सनातनी घरातील म्हणून खपेल. तिची चव निराळी लागते ती तेव्हा, जेव्हा आपण पाहतो की त्या बोर्डिंगाची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते अण्णासाहेब लठ्ठे हे एम. ए. झालेले सुधारक, ब्राह्मणेतर चळवळीचे एक अग्रणी आणि पुढे महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे गृहस्थ होते. जी संस्था एका पंगतीतून वगळलेल्यांसाठी निघाली, तिने सुमारे सात वर्षांतच आपले स्वतःचे सोवळे निर्माण केले होते. आणि हे सोवळे सांभाळणारा दुष्ट नव्हता, बहुधा त्याला देणगीदार श्रेष्ठींची भीती होती. संस्था चालविणाऱ्यास ही भीती ओळखीची असते. भाऊराव काही दिवस महाराजांच्या वाड्यावर राहिले. शिक्षण असेतसेच संपले.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात बादशहाच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले, आणि त्या प्रकरणात लठ्ठ्यांस गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी तुरुंगवास आणि मारहाण सोसली, साक्ष दिली नाही. ज्याने पंगतीतून उठविले त्याच्यासाठी अंगावर वळ घेणारा माणूस, आपली तक्रार कोणाशी आहे हे पक्के जाणत होता, असेच म्हणावे लागते.

त्याच भाऊरावांनी १९१९ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणून तेथे एक वसतिगृह काढले. त्यात मराठ्याचा, जैनाचा, मुसलमानाचा, महाराचा मुलगा एका छपराखाली राहू लागला. पगारी आचारी ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून दळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे ही कामे मुलांच्या पाळ्यांवर आली. आणि पाळी आली म्हणजे ज्याची त्याने भाकरी थापावयाची, मग तो कोणीही असो. राजाराम वसतिगृहात सदिच्छेला जे साधले नव्हते ते येथे गरिबीने साधून दिले, असे कोणी म्हणेल तर मी त्याला सर्वस्वी खोडून काढणार नाही. फक्त त्या गरिबीत भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि एके दिवशी मुलांच्या धान्यासाठी मंगळसूत्रही गेले, एवढे त्याने हिशेबात धरावे. त्या बाई मूळच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या होत्या. अस्पृश्य मुलास घरात घेतल्यावर त्यांच्या मनाचे काय झाले असेल, ते त्यांनी कोठे लिहून ठेवलेले नाही.

१९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्यास आले असता त्यांनी हे वसतिगृह पाहिले, आणि त्यांच्याच हस्ते त्याचा नामकरणविधी झाला. भाऊरावांनी नाव निवडले ते ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’. महाराजांना जाऊन त्या वेळी पाच वर्षे होत आली होती; आणि कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगे, आपापल्या पाट्या आणि आपापल्या चुली घेऊन, भरलेली होती.